पहिल्या कापसावरचा हात

मनोहर काट्यावर पडला होता आणि काटा त्याचं वजन दाखवत होता. खांबावरच्या डब्यात लाल आकडे होते. मनोहरचा श्वास आत गेला की शेवटचा आकडा हलायचा, बाहेर आला की पुन्हा हलायचा. तेवढ्यावरून मला कळलं की तो जिवंत आहे. त्याच्या डोक्याखाली मुहूर्ताचा कापूस होता, नुकताच हळदकुंकू वाहिलेला, आणि तो कापूस रक्त पीत होता. कापसाइतक्या लवकर रक्त दुसरं काही पीत नाही. वरून डाग लहान दिसतो आणि हात घातला की तळापर्यंत ओलं लागतं. मनोहर माझा मुलगा. त्याच्या मानेवर सब्बलीचं, म्हणजे लोखंडी पहारीचं, टोक टेकवून उभा होता तो गौरव, मनोहरचे भागीदार वसंतराव यांचा मुलगा. गौरवच्या दुसऱ्या हातात माझ्या नातीची, पल्लवीची, वेणी होती. बैलाचा कासरा गुंडाळावा तशी त्याने ती मनगटाला गुंडाळली होती. पल्लवी गुडघ्यांवर होती, मान मागे ओढलेली, तोंडात कागदाचा बोळा. तो बोळा त्यानेच कोंबला होता. कोंबताना तिचा ओठ दातावर फाटला होता आणि हनुवटीवरून रक्त नव्या पिवळ्या ड्रेसवर उतरत होतं.

"खा!" गौरव ओरडत होता. "तुयाच कागद हाये ना हा? मोठी वकीलीन झाली ना तू? खा मंग कायदा. गिळ!"

आवारात बाप्ये माणसं पुष्कळ होती. मुहूर्ताला आलेले शेतकरी, हमाल, अडते, ट्रॅक्टरवाले. सगळे मागे सरकले होते, कोणी ट्रॉलीच्या आड, कोणी सरकीच्या ढिगाआड. एक जण "सोड बापा, पोरगी हाये ते" असं म्हणाला, पण तेही ट्रॉलीच्या मागूनच. वसंतराव चाकाच्या खुर्चीत काट्याला लागूनच बसलेले होते. त्यांचं उजवं अंग उन्हाळ्यापासून गेलं होतं आणि तोंडातून शब्द निघत नव्हता, नुसता आ निघत होता. मी पूजेच्या ताटाजवळ होते. माझ्या हातात नारळ होता, अजून न फोडलेला.

हे सगळं एका हातावरून झालं. पुढे गावात जमिनीच्या, बाईच्या, दारूच्या गोष्टी लोकांनी जोडल्या. त्यातली एकही खरी नाही. हात कोणाचा लागला आणि कोणाचा नाही, एवढंच भांडण होतं.

आमचं घर जिनिंगच्या, म्हणजे कापसाच्या कारखान्याच्या, आवारातच आहे, सिंदीला, रेल्वेच्या रुळाला लागून. कापूस यायला लागला की रेचे सुरू होतात, आणि रेचे म्हणजे सरकीपासून रुई ओरबाडून काढणारी यंत्रं. त्यांचा आवाज एकदा सुरू झाला की उन्हाळा लागेपर्यंत घरातलं माणूस घरातल्या माणसाशी ओरडूनच बोलतं. पाहुण्यांना वाटतं आम्ही रोज भांडतो. रुईची धूळ भाकरीवर बसते, कढीत पडते, झोपलेल्याच्या पापण्यांवर बसते. मी ज्वारीच्या भाकरी थापताना परातीवर फडकं धरून थापायची तरी पीठ दुप्पट पांढरं दिसायचं. रेच्यांनी माणसंही खाल्ली आहेत. शंकर नावाच्या हमालाचा हात कोपरापर्यंत गेला तेव्हा मी वांगी भाजत होते. आवाज थांबला म्हणून बाहेर आले. चालू यंत्र मध्येच थांबलं की समजायचं, कोणाचं तरी काहीतरी आत गेलं.

पल्लवीची आई पोर लहान असतानाच तापात गेली. पोरगी माझ्या हाताखाली वाढली. मी तिला लाडाने वाढवलं असं म्हणणार नाही. उशिरा उठली की पाठीत धपाटा, खोटं बोलली की उपाशी. तिने दोन्ही सवयी लवकर सोडल्या. शाळेत ती हुशार निघाली, बारावीनंतर नागपूरला विद्यापीठात कायदा शिकायला लागली आणि रोज सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळच्या गाडीने परत येऊ लागली. कायदा म्हटल्यावर मला वाटलं खून, मारामाऱ्या, फारकती. मी म्हटलं, कोर्टात जाऊन गुंडांच्या तोंडाला लागशील का?

"नाई वं आजी, मले ते कराचंच नाई," ती म्हणाली. "मी व्यापाराच्या कायद्याचे विषय घेतले हायेत. करार, भागीदारी, कंपन्या, माल विकला-घेतल्याचे दावे. यात रक्त नसते. फक्त सह्या असतात."

"सह्या करनारे कोन असतात?" मी विचारलं. "मानसंच ना?"

ती हसली. तेव्हा तिला हसू येणं बरोबर होतं.

मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा पलीकडच्या गावात होती आणि वाटेत नाला होता, म्हणून शिक्षण संपलं. पण कायदा मी शिकले, आणि तोही म्हातारपणी, चुलीसमोर बसून. कारण पल्लवीला मनातल्या मनात वाचताच यायचं नाही. रेच्यांच्या आवाजात वाढलेलं पोर, तिला स्वतःचं वाचणं ऐकू यायला ओरडावं लागे. संध्याकाळी हातपाय धुतले की ती पाटावर बसायची, पुस्तक मांडीवर, आणि इंग्रजीतलं एक वाक्य वाचून मला आपल्या बोलीत सांगायची. मी सांभारवडीचं, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचं, सारण ढवळत असायची. मला समजलं तर तिला समजलं, असं तिचं ठरलेलं होतं. मला नाही समजलं की ती पुस्तक आपटायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. कधी हमालांच्या जेवणासाठी रेचे एकदम बंद व्हायचे आणि हिचं ओरडणं तसंच चालू राहायचं. मग सगळ्या आवाराला कळायचं की प्रस्ताव आणि स्वीकार झाल्याशिवाय करार होत नाही. हमाल तिला चिडवायचे. "वकीलीनबाई, माया बायकोनं मले स्वीकारलंच नाई, करार रद्द हाये का?" ती आतूनच उत्तर द्यायची, "बायकोले पाठव, तिची केस फुकट लढतो!"

एकदा तिने मला संमतीचं प्रकरण सांगितलं. माणसाने राजीखुशीने हो म्हटलं तरच करार. मारून, धमकावून, कोंडून सही घेतली तर ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्याला तो करार मोडता येतो. मी म्हटलं, "असं कसं? धाकानं घेतलेली सही टिकत नाई?"

"नाई टिकत."

"पोरी, आपल्या गावातली निम्मी लग्नं धाकावरच टिकली हायेत."

ती म्हणाली, "लग्नाचा पेपर वेगळा असते आजी." आम्ही दोघी हसलो. माझं लग्नही तसंच होतं. माझा नवरा हात उगारणारा माणूस होता आणि तो मेला तेव्हा मी रडले नाही, हे सगळ्या आळीला माहीत आहे. ते इथे वाढवून लिहीत नाही.

आता वसंतराव आणि मनोहर यांचं सांगते. दोघांनी तरुणपणी मिळून हा जिनिंग घेतला. मनोहरला यंत्रं कळायची, वसंतरावांना माणसं. त्यांची भागीदारी कुठल्या कागदावर नव्हती. आमच्याकडे हंगामाचा पहिला कापूस येतो तेव्हा मुहूर्त असतो. काट्याला झेंडूची माळ बांधतात, हळदकुंकू वाहतात, पहिला कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याला टोपी आणि शेला देतात. मग मालक ओंजळभर कापूस उचलून काट्यावर ठेवतो आणि खरेदी सुरू होते. पहिल्या वर्षी या दोघांनी एकाच ढिगात दोघांचे हात घातले आणि मिळून उचललं. शेतकरी म्हणाले, वा, बरोबरीचे भागीदार. तेव्हापासून दरवर्षी तसंच. पहिल्या कापसाला ज्याचा हात लागला त्याचा वाटा, हे सगळ्या बाजाराला पाठ होतं. आजूबाजूचे दोन जिनिंग कागद असूनही भांडून बुडाले. यांचा चालला.

वसंतराव मनोहरला जीव लावायचे, पण स्वतःच्या मुलाला मारायचे. हेही लिहिलं पाहिजे. रुईच्या गाठी बांधायच्या लोखंडी पट्टीचा तुकडा त्यांच्या खुंटीला टांगलेला असायचा. गौरव मिसरूड फुटायच्या आधीपासून तो खात होता. एकदा वजनात चूक केली म्हणून त्याला काट्यावर उभं करून सगळ्या शेतकऱ्यांसमोर मारलं, आणि मारता मारता म्हणाले, "पाहा रे, याचं वजन किती भरते ते पाहा." लोक हसले होते. मी त्याला नंतर घरात बोलावलं, पाठीला हळद लावली, भाकर आणि ठेचा दिला. तो जेवला आणि ताट धुऊन निघून गेला. मोठा झाल्यावर तो स्वतः तेच करायला लागला. एका हमालाचे दात पाडले. आवारातली कुत्री सरकीवर निजते म्हणून तिला खोऱ्याने मारलं आणि मारून झाल्यावर बिडी पेटवली. वसंतराव म्हणायचे, लग्न झालं की निवळेल. तरुण माणसांबद्दल लोक हे का म्हणतात, मला कळलेलं नाही. लग्न म्हणजे तुरटी आहे का?

पल्लवी भागीदारीच्या कायद्याला आली त्या वर्षी एकदा जेवताना तिने मनोहरला विचारलं, "बाबा, आपल्या भागीदारीची नोंदणी हाये का?"

"कायची नोंदणी?"

"फर्मची. लिहिलेला करार?"

"वसंतभाऊ अन् माया मधात करार?" मनोहरने भात कालवायचं थांबवलं. "तू काय बोलून राह्यली?"

तिने समजावून सांगितलं. कागद नसेल तर भागीदारी नुसत्या मर्जीची, एकाने नोटीस दिली की मोडली. नोंदणी नसेल तर भागीदारावर आपल्या हक्काचा दावा लावायला गेलेल्या माणसाला कोर्ट दारातूनच परत पाठवू शकतं. आणि भागीदार मेला, की वेगळं ठरलेलं नसेल तर भागीदारी तिथेच संपते. हे शेवटचं वाक्य मनोहरला लागलं. तो ताटावरून उठला. त्याने पल्लवीला आयुष्यात पहिल्यांदा हात उचलून दाखवला, मारलं नाही. "तुले त्याच्या मरनाचा हिशेब शिकवतात का नागपूरले?" असं म्हणून तो बाहेर जाऊन बाजेवर पडला.

त्याच उन्हाळ्यात वसंतरावांना झटका आला. उजवा हात, उजवा पाय, जीभ गेली. आता गौरव आवारात मालकासारखा हिंडू लागला. त्याने मनोहरच्या माणसांना कामावरून काढलं, रेच्यांच्या खोलीला आपलं कुलूप लावलं, आणि एकदा मनोहरच्या छातीवर तळहात ठेवून त्याला कुलपापासून मागे ढकललं. पल्लवीने कागद तयार केला. पूर्ण उन्हाळा ती एका वकिलाकडे असलेच कागद लिहायला जात होती, त्यामुळे तिला ते येत होतं. वसंतरावांनी डोळ्यांनी हो म्हटलं, डाव्या हाताने अंगठा द्यायलाही तयार होते. मी तिथे होते. त्यांनी डावा अंगठा वर करून दाखवला.

पण मनोहर तयार होईना. म्हणाला, दुखणाईत माणसाच्या बाजेजवळ कागद नेला तर लोक काय म्हणतील? मरायची वाट पाहून राह्यला म्हणतील. खाटेवरच्या माणसाकडून अंगठा घेणं आमच्याकडे फार वाईट समजतात. जमिनी लुबाडणारे पुतणे ते करतात. पल्लवी म्हणाली, "बाबा, ते खुशीनं देऊन राह्यले ना!" मनोहर म्हणाला, "त्याले माहीत हाये, मले माहीत हाये. लोकाईले कोन सांगन?" मग त्याने ठरवलं, अंगठा मुहूर्ताच्या दिवशी घ्यायचा. वसंतभाऊ खुर्चीत बसून काट्यापाशी येतील, सगळे शेतकरी साक्षीला असतील, शुभदिवस असेल, मग कोणी वाईट बोलणार नाही. पल्लवीलाही ते पटलं. साक्षीदार भरपूर, असं ती म्हणाली. मला विचारलं नाही कोणी. विचारलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं. आम्ही सगळे लोकलाजेचे. आम्ही अंगठा लपवून घ्यायला लाजलो आणि तो एका मारकुट्या माणसासमोर, त्याच्या बापाचा, चारचौघांत घ्यायला निघालो.

मुहूर्ताच्या सकाळी मी पुरण शिजवून ठेवलं होतं. काटा धुतला, माळ बांधली, वडनेरकडच्या एका शेतकऱ्याला टोपी-शेला दिला. गौरव पांढरा कडक कुडता घालून आला होता आणि काट्याच्या एका बाजूला उभा राहिला. त्याने बाह्या वर केल्या होत्या. मला दिसलं, तो बापाच्या जागी हात घालायला तयार होऊन आला आहे. कापसाचा ढीग समोर आला. मनोहरने आपला डावा हात कापसात घातला आणि गौरवनेही त्याच वेळी आपला हात पुढे केला. मनोहरने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो वाकला, खुर्चीतल्या वसंतरावांचा उजवा, मेलेला हात मनगटाला धरून उचलला, कापसावर ठेवला आणि त्याच्यावर आपला हात दाबून तसाच दोघांच्या नावाने कापूस उचलून काट्यावर टाकला. लोक चुकचुकले. एका म्हाताऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं. मनोहरला वाटलं आपण मोठं चांगलं काम केलं. गौरवचा हात तसाच पुढे राहिला होता, बोटं पसरलेली, आणि सगळा बाजार तो रिकामा हात पाहत होता. त्याच काट्यावर ते त्याला पूर्वी हसले होते.

तेवढ्यात पल्लवीने पिशवीतून कागदाच्या दोन प्रती आणि शाईचं पॅड काढलं आणि म्हणाली, "काका, इथं अंगठा द्या."

गौरवने "कायचा अंगठा?" असं विचारलं. फार हळू विचारलं.

"भागीदारीचा करार हाये दादा. तुमचंही नाव पुढं जोडता येते, वाचून पाहा..."

त्याने वाचलं नाही. सब्बल खांबाला टेकवलेली होती, माळेचा खिळा ठोकायला आणलेली. ती उचलताना त्याने एकदाच बापाकडे पाहिलं. पहिला फटका मनोहरच्या कानामागे बसला. ओला नारळ फुटल्यासारखा आवाज येतो असं लोक म्हणतात. तसा येत नाही. वाळलं लाकूड मोडल्यासारखा येतो. मनोहर तोंडावर काट्यावर गेला. दुसरा फटका खांद्यात बसला आणि खांदा बाहेर आला. पल्लवी धावली, त्याने तिची वेणी पकडली, तिला ओढून खाली पाडलं, लाथ मारली, पुन्हा वेणीने वर घेतलं आणि कागद तिच्या तोंडात कोंबला. माझी गोष्ट जिथून सुरू झाली, तिथे आता आपण परत आलो.

कागद गिळला जाईना. तिला ओकारी आली आणि बोळा बाहेर पडला. गौरवने दुसरी प्रत पायाने तिच्यासमोर सरकवली.

"आता याच्या मागं लिही," तो म्हणाला. "लिही का जिनिंगमंदी मनोहरचा काई वाटा नाई. आमचा काई हक्क नाई, आम्ही राजीखुशीनं सोडला. लिही, नाई तर याले इथंच संपवतो." सब्बलीचं टोक मनोहरच्या गळ्यात रुतलं.

"लिहितो," पल्लवी म्हणाली. "दादा, लिहून देतो. त्याले नका मारू."

पेन तिच्याजवळच होता. ती जमिनीवर कागद ठेवून लिहू लागली, भराभरा, जरा न थांबता, वर राजीखुशीनं हा शब्दही लिहिला, खाली सही केली. ट्रॉलीमागचा एक जण बोलला, "गेलं बिचाऱ्याईचं." त्याला वाटलं सगळं गेलं. मला माहीत होतं काहीच गेलेलं नाही. सारण ढवळता ढवळता मी हा धडा ऐकला होता. मानेवर सब्बल ठेवून घेतलेली सही टिकत नाही. आणि वाटा बापाचा, तो सोडून द्यायचा हक्क पोरीला नाहीच, तिने शंभर सह्या केल्या तरी. ती कागदाला कागदाएवढीच किंमत देत होती आणि त्या बदल्यात बापाचा गळा सोडवून घेत होती. एवढा मार खाऊनही तिचं अक्षर सरळ होतं. मी जागेवरून हलले नाही, कारण मी हलले असते तर तो बिथरला असता. मला वाटलं, आता कागद घेईल आणि जाईल.

कागद त्याने घेतला, घडी केली, खिशात ठेवला. वेणी सोडली. आणि मग जायच्या ऐवजी त्याने सब्बल दोन्ही हातांनी धरून डोक्यावर उचलली. कशासाठी? त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं. मी खूप वर्षं माणसांचा मार पाहिला आहे आणि मला एवढं कळलं आहे की मारणाऱ्याला हवं ते मिळाल्यावर मार थांबतो असं नाही. कायद्याच्या पुस्तकात हे एवढं नाही.

वसंतराव खुर्चीतून पुढे गेले. खुर्ची काट्याला लागूनच होती. त्यांचं अंग सबंध मनोहरवर पडलं, तोंड त्याच्या मानेवर, आणि सब्बल वसंतरावांच्या डोक्याच्या मागच्या बाजूला बसली. तो एकच फटका होता आणि पूर्ण ताकदीचा होता. गौरवने सब्बल टाकली नाही, ती त्याच्या हातातून आपोआप पडली. तो "बाबा" म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणायच्या आत मी त्याच्या कानशिलावर नारळ हाणला. नारळ फुटला, तो खाली बसला, मी उरलेल्या अर्ध्याने पुन्हा हाणला, तोंडावर. मग ट्रॉलीमागची बाप्ये माणसं शूर झाली. त्यांनी त्याला पाडलं, तुडवलं, आणि हमालांनी गाठी बांधायच्या त्याच लोखंडी पट्टीने त्याचे हात मागे बांधले. पट्टी मनगटात शिरली. कोणी सैल केली नाही. मीही नाही.

मी काट्याकडे वळले. डब्यातले लाल आकडे आता दोन माणसांचं वजन दाखवत होते. शेवटचा आकडा हलत होता. दोघांपैकी कोणाचा श्वास चालू आहे, ते काट्याला सांगता येत नाही. पल्लवीने वसंतरावांना बाजूला केलं आणि आकडा खाली आला, पण हलणं थांबलं नाही.

मनोहरला सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डोक्याचं ऑपरेशन झालं, फार दिवस तो डोळे उघडत नव्हता, आणि पल्लवी बाहेरच्या बाकड्यावर टाके घातलेल्या ओठाने पुस्तक वाचत बसायची. मोठ्याने वाचता येत नव्हतं म्हणून मला तिच्या समोर बसावं लागे, ती ओठ हलवायची आणि मी मान हलवायची. त्याच वर्षी तिने परीक्षा दिली. कशी दिली ते मला विचारू नका, मी डबा पोचवत होते.

कोर्टात मलाही बोलावलं. गौरवच्या वकिलाने मला विचारलं, "आजीबाई, वसंतराव स्वतःहून आडवे आले, की खुर्ची कलंडून पडले?" तोपर्यंत गावात झालं होतं की वसंतरावांनी भागीदारासाठी झेप घेतली, भागीदारी असावी तर अशी. मारोतीच्या पारावर लोक ते डोळे पुसत सांगायचे. पल्लवी समोर बसली होती. मी खरं ते सांगितलं. अर्धं अंग मेलेला माणूस झेप घेत नाही. खुर्चीचं चाक दगडावर होतं, ते दगडावरून उतरताना मी पाहिलं. पण त्यांचा डावा हात, जो चालत होता, तो खुर्चीच्या दांड्यावर नव्हता. पडताना माणूस दांडा धरतो. त्यांनी धरला नव्हता. यापेक्षा जास्त मला माहीत नाही, असं मी सांगितलं, आणि आजही नाही.

पल्लवीकडून लिहून घेतलेला कागद गौरवच्या खिशात सापडला होता, रक्ताचे डाग असलेला. वाटा सोडायला त्याचा काहीच उपयोग झाला नाही. त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून मात्र झाला. आता पल्लवी नागपुरात वकिली करते, व्यापाऱ्यांचे करार लिहिते. कोणी दोन मित्र हसत हसत येऊन म्हणाले की आमचं तोंडीच चालतं, तर ती आपल्या ओठावरची रेघ दाखवत नाही, की गोष्ट सांगत नाही. ती म्हणते, आधी सही करा, मग चहा घ्या. आमच्या फर्मचं काय झालं, हे लोक विचारतात. भागीदार मेला आणि भागीदारी संपली; तिने जेवताना सांगितलं होतं तसंच. वाटणी तिनेच लावून दिली. वसंतरावांच्या बायकोला तिचा अर्धा वाटा पूर्ण मिळाला. रेचे दुसऱ्याला विकले. घर अजून आवारातच आहे आणि इतकं शांत आहे की कढी उकळलेली ऐकू येते. मला त्या शांततेची सवय झालेली नाही.

वसंतराव काट्यावरच गेले. गौरव जगला, तो तुरुंगात आहे. पल्लवी जगली. मी जगले. मनोहरही जगला, त्याचा उजवा डोळा गेला आहे, आणि रोज सकाळी चहा घेताना तो मला विचारतो, वसंतभाऊ अजून काऊन आले नाई.